खंड ४१ आणि खंड ४२

बारावीचा निकाल लागला की आमच्या नेरूळच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये, देशांची नावे ऐकू येऊ लागतात. कोणाचा मुलगा जर्मनीला निघालेला असतो, कोणाची मुलगी मेलबर्नला, कोणी डॉक्टर व्हायला चीनला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभे राहू लागले, तेव्हा इथे राहायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी मुलांच्या शाळेसाठी गाव सोडले होते. आता त्या मुलांची मुले पुढच्या मुक्कामाला निघाली आहेत. गेल्या जूनमध्ये शेजारच्या वहिनींनी मला विचारले, "काका, इतक्या लांबून त्याला किती सांगायचं हो? आणि कुठे थांबायचं?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. पण एक बाप आठवला. शंभर वर्षांपूर्वी त्याने आपल्या मुलीला आणि मुलाला अमेरिकेत नेऊन शिकवले होते, आणि त्याचे स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम मराठी शाळेपुरते होते. धर्मानंद कोसंबी यांना आपण बौद्ध धर्माचे पंडित म्हणून ओळखतो, त्यांचे चिरंजीव दामोदर यांना गणिती आणि इतिहासकार म्हणून. या दोघांमधली बाप-लेकाची गोष्ट मात्र वेगळी काढून क्वचितच सांगितली जाते. तीच इथे सांगायची आहे, आणि त्यात मुलगी माणिकची आणि आई बाळाबाईंचीही.

सांखवाळहून सिलोनपर्यंत

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. घरची माडांची बाग, वर पोर्तुगिजांचा अंमल. शाळा म्हणावी तर मराठी, आणि प्रकृतीच्या कुरबुरी आणि घरचे काम यांमुळे तीही सलग झाली नाही. वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि ते मनात रुतून बसले. या माणसाविषयी मुळातून जाणून घ्यायचे, तर संस्कृत यायला हवे. आणि संस्कृत सांखवाळला मिळणार नव्हते.

१८९१ साली बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. १८९९ च्या अखेरीस, पाळण्यात तान्ही माणिक असताना, धर्मानंद घराबाहेर पडले. आधी पुणे, तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार. मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकून घेतले. तिथून नेपाळ, बोधगया आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशही झाला. अंगावर भिक्षूची चीवरे होती, आणि डोक्यात एकच गोष्ट: मूळ ग्रंथ वाचायचे.

हे सगळे वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच वेळी गोव्यात एक तरुण बाई नवऱ्यावाचून लेकरू वाढवत होती. नवरा घर सोडून गेलेल्या बाईला त्या काळच्या खेड्यात काय काय ऐकावे लागले असेल, ते वेगळे सांगायला नको. सात वर्षांनी धर्मानंद चीवरे उतरवून पुन्हा संसारात आले, तेव्हा माणिक सात वर्षांची झाली होती. बाप कसा दिसतो, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळले असणार. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबेनला मुलगा झाला. त्याला आजोबांचे नाव ठेवले, दामोदर. आजोबांचे नाव म्हणून घरात हाक मारायची ती 'बाबा'.

पुढे बापाने या दोन मुलांसाठी जे केले, ते या सात वर्षांच्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मुलीचे लहानपण त्याच्या हातून निसटून गेले होते. ते भरून काढायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती त्याने फार मोलाने मिळवली होती. ती म्हणजे विद्या.

पन्नास रुपये

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यात पाली शिकवू लागले. आधी नवे निघालेले राष्ट्रीय विद्यालय, नंतर कलकत्ता विद्यापीठ. विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी त्यांना दरमहा अडीचशे रुपयांवर ठेवून घ्यायला तयार होते. आयुष्यभर कफल्लक राहिलेल्या, आता बायको-मुले असलेल्या माणसासमोर हा आकडा आला होता.

त्याच सुमाराला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दुसरा प्रस्ताव पाठवला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, तीन वर्षे महिना पन्नास रुपये मिळतील. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. बुद्ध मराठी माणसाला मराठीतून कळावा, पालीचे शिक्षण आपल्या मुलखात रुजावे, हे त्यांना दोनशे रुपयांहून मोठे वाटले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९१० साली आले. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली, त्यामागेही भांडारकरांबरोबर त्यांची खटपट होती.

मुलांचे शिक्षण म्हटले की आपण आधी फीचा हिशेब मांडतो. दामोदर आणि माणिक यांचे शिक्षण या पन्नास रुपयांच्या निर्णयापासून सुरू झाले, असे मला वाटते. त्या दोघांनी घरात पाहिले ते हे, की बाप पैशाचा विचार करतो, पण तो करण्याआधी कामाचा विचार करतो. शाळेच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नव्हता.

एक अपुरा ग्रंथ

हार्वर्ड विद्यापीठातले डॉ. जेम्स वूड्स त्या काळात भारतात आले होते. पतंजलीच्या योगशास्त्राचा अभ्यास करताना त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली. वूड्स परत गेल्यावर अमेरिकेहून बोलावणे आले, एका अपुऱ्या ग्रंथासाठी.

तो ग्रंथ म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. पाचव्या शतकात सिलोनमधल्या अनुराधपुरात आचार्य बुद्धघोषांनी रचलेला, थेरवादी परंपरेचा सार सांगणारा पाली ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या हार्वर्डच्या विद्वानाने त्याची संशोधित आवृत्ती करायला घेतली होती. लहानपणी पाठीच्या कण्याला इजा झाल्यामुळे वॉरन जन्मभर अपंग राहिले. तरी त्यांनी चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांच्याबरोबर 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' ही ग्रंथमाला सुरू केली आणि तिच्यासाठी पैसा उभा केला. १८९९ च्या जानेवारीत वॉरन वारले, विसुद्धिमग्ग तसाच पडून राहिला. त्याच वर्षाच्या शेवटी सांखवाळचा एक तरुण संस्कृत शिकायला घराबाहेर पडत होता. त्या वेळी त्याने हार्वर्डचे नावही ऐकलेले नसावे.

१९१० साली धर्मानंद मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला पोचले आणि हस्तलिखिते ताडून पाहण्याच्या कामाला लागले. पुढे लॅनमन यांच्याशी मतभेद झाले. ग्रंथावर नाव कोणाचे आणि कसे यावे, हा मुद्दा होता. आपण केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात जाणार, हे धर्मानंदांना मान्य होईना. १९१२ साली ते सरळ घरी आले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, नारायण केशव भागवत यांच्यासारखे विद्यार्थी त्या वर्षांत तयार झाले.

विसुद्धिमग्ग पुन्हा अपुराच राहिला. वूड्स यांनी मध्यस्थी सोडली नव्हती. १९१८ साली दुसऱ्यांदा बोलावणे आले, आणि या वेळी धर्मानंद एकटे गेले नाहीत.

१९१८

बरोबर माणिक होती, १९ वर्षांची. आणि ११ वर्षांचा दामोदर.

मुलीचे वय पुन्हा वाचावे. १९१८ साली गौड सारस्वत घरातली १९ वर्षांची मुलगी म्हणजे एव्हाना संसारात चांगली रुळलेली. ही मुलगी अविवाहित होती आणि बापाबरोबर बोटीत बसून कॉलेजात शिकायला निघाली होती. बाळाबाई मधल्या काळात झालेल्या धाकट्या मुलींना घेऊन मागे राहिल्या. १८९९ साली नवरा एकटा गेला होता. आता दोन मुलेही गेली.

जग तेव्हा कसे होते, तेही पाहायला हवे. पहिले महायुद्ध अजून संपले नव्हते. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या बहुतेक मुलखांतल्या माणसांना दार बंद केले होते. विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी अशांना त्यातून सूट होती. चिनी मजुरांना तर १८८२ पासूनच मज्जाव होता. कष्ट करायला येणाऱ्या आशियाई माणसाला बंदी आणि शिकायला येणाऱ्याला वाट, असा तो काळ. पुस्तक हाच काय तो परवाना.

माणिक रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. हार्वर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. हार्वर्डचेच प्राध्यापक रॅडक्लिफमध्ये येऊन मुलींना वेगळे शिकवत. १९२२ साली माणिकने तिथली पदवी मिळवली. पाळण्यात असताना जिला सोडून बाप विद्या शोधायला गेला होता, तिलाच त्याने त्या विद्येच्या दारापर्यंत हाताला धरून नेले.

दामोदर आधी वर्षभर तिथल्या प्राथमिक शाळेत गेला आणि १९२० साली केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये. नावातच लॅटिन असलेली शाळा. पुढे त्याला ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा हाताळता आल्या, त्याचे बीज या वर्षांतले. तो बालवीर पथकात गेला. रानातून पायी हिंडणे, नकाशा वाचणे, उघड्यावर राहणे हे त्याला तिथे मिळाले. पुढे पन्नाशीत पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालून दगडी हत्यारे, जुन्या वाटा आणि गावदेवतांची ठाणी नोंदवणारा इतिहासकार आपल्याला दिसतो, तेव्हा त्या बालवीराची आठवण येते.

बाप त्या वेळी काय करत होता? रोज सकाळी उठून पालीच्या पाठभेदांशी झुंजत होता. बर्मी लिपीतली ओळ, सिंहली लिपीतली ओळ. एक अक्षर इकडे, एक तिकडे. कोणते खरे धरायचे आणि का. मुलगा शाळेतून येई तेव्हा बापही विद्यार्थीच असे. वयाच्या चाळिशीत, परक्या देशात, एकाच ग्रंथाच्या मागे बसलेला. 'अभ्यास कर' हे शब्द त्या घरात उच्चारले गेले असतील की नाही, कोण जाणे. पण अभ्यास म्हणजे काय, हे त्या घरात रोज डोळ्यांसमोर चाललेले होते.

केंब्रिजमधले दोन बाप

त्याच गावात आणखी एक बाप राहत होता. लिओ वीनर, हार्वर्डमध्ये स्लाव भाषांचे प्राध्यापक. त्यांनी आपल्या मुलाला, नॉर्बर्टला, घरी बसवून स्वतः घडवले होते. नॉर्बर्ट अकराव्या वर्षी कॉलेजात गेला, अठराव्या वर्षी हार्वर्डचा डॉक्टर झाला. पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचा जनक म्हणून जगाने त्याला ओळखले.

लिओंनी जाहीरपणे सांगितले होते की मुलगा चारचौघांसारखाच आहे, हे यश आपल्या शिकवण्याचे आहे. नॉर्बर्टला हे फार लागले. यश आले तर ते बापाचे आणि अपयश आले तर ते आपले, असे त्याला वाटत राहिले. १९५३ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात ती सल स्पष्ट दिसते. त्या पुस्तकात बापाविषयीचे प्रेमही आहे, म्हणून ते वाचताना जास्तच त्रास होतो.

दामोदर आणि नॉर्बर्ट यांची केंब्रिजमध्ये मैत्री झाली. वयात १३ वर्षांचे अंतर, पण दोघांचे बाप एकाच विद्यापीठात, दोघेही भाषांची माणसे. एकाने मुलाला स्वतःच्या साच्यात ओतले. दुसऱ्याने मुलाला शेजारी बसवले आणि आपले काम चालू ठेवले. आजच्या पालकांसाठी या दोन घरांमधले अंतर समजून घेणे कोणत्याही शिबिरापेक्षा जास्त मोलाचे आहे.

तिथेच, पण चीनहून

या गोष्टीला चीनचाही एक पदर आहे. १९१९ ते १९२१ या काळात ज्या लॅनमन यांच्याबरोबर धर्मानंदांचे काम चालले होते, त्याच लॅनमन यांच्याकडे चेन यिन्के नावाचा एक चिनी तरुण संस्कृत आणि पाली शिकत होता. थांग युंगथुंग हा दुसराही होता. हे दोघे पुढे चीनच्या इतिहासलेखनातली मोठी नावे झाले.

चेन यिन्केचे वडील चेन सानली हे कवी होते. आजोबा हुनान प्रांताचे सुधारणावादी सुभेदार. १८९८ ची सुधारणांची चळवळ दरबाराने चिरडली, तेव्हा बापलेक दोघांनाही पदावरून काढून टाकण्यात आले. चेन सानलींनी त्यानंतर राजकारणाकडे पाठ फिरवली आणि लक्ष मुलांच्या शिक्षणाकडे लावले. नानजिंगच्या घरी जुन्या ग्रंथांबरोबर गणित, इंग्रजी असे नवे विषय शिकवायची सोय केली. १९०२ साली बारा वर्षांच्या यिन्केला थोरल्या भावाबरोबर जपानला पाठवले. त्यानंतर बर्लिन, झ्युरिक, पॅरिस, हार्वर्ड, पुन्हा बर्लिन. इतकी वर्षे, इतकी विद्यापीठे, आणि यिन्केने पदवी एकाही ठिकाणी घेतली नाही. जिथे जे शिकण्यासारखे होते ते शिकला आणि पुढे गेला. तरीही १९२५ साली बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यालयाने त्याला आपल्या सर्वांत मानाच्या गुरुजनांत बसवले.

त्याच्या आधीच्या पिढीत चीनने उलटेही पाहिले होते. १८७२ पासून दरबाराने १२० मुलगे अमेरिकेत कनेटिकटला शिकायला पाठवले. मुले बेसबॉल खेळू लागली, वेण्या कापू लागली, चर्चकडे झुकू लागली. पोरे हातची जातील या भीतीने १८८१ साली सगळ्यांना परत बोलावले. बहुतेकांचे शिक्षण अर्धवट तुटले. ही भीती सानलींच्याही मनात असेल. पण घरून निघताना मुलाच्या गाठीला आपले ग्रंथ पक्के बांधून दिलेले होते, म्हणून त्यांना दोरी लांब सोडता आली.

माडांच्या बागेतला गोवेकर आणि पदच्युत घराण्यातला चिनी कवी यांची कधी गाठ पडली नाही. पण दोघांनी मुलांच्या हाती आधी आपले काय ते दिले, आणि मगच दूरचे दार उघडले.

दोरी सोडणे

१९२२ साली धर्मानंदांचे हार्वर्डमधले काम थांबले. विसुद्धिमग्ग छापून निघण्याच्या स्थितीत नव्हता. माणिकची पदवी झाली होती, पण दामोदरची शाळा व्हायची होती, आणखी दोन वर्षे. १५ वर्षांच्या मुलाला परक्या देशात एकटे ठेवायचे, की अर्ध्यावर उठवून न्यायचे?

धर्मानंदांनी त्याला तिथेच ठेवले. माणिकला घेऊन ते परतले आणि गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात, अहमदाबादच्या पुरातत्त्व मंदिरात रुजू झाले. पत्र बोटीने जाणार, उत्तर बोटीने येणार. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत प्रश्नच जुना व्हायचा. आपण आज रात्री दहाला व्हिडिओ कॉल करून जेवलास का, असे विचारतो आणि उत्तराला पाच मिनिटे उशीर झाला तर जीव खालीवर होतो. त्या घरी चार वर्षांत जे मुलाच्या अंगी उतरले होते, त्यावरच विसंबायचे होते.

१९२४ साली दामोदर शाळेतून इतक्या चांगल्या रीतीने बाहेर पडला की हार्वर्डने त्याला प्रवेश परीक्षेची सूट दिली. अशी सूट मोजक्यांनाच मिळे. आणि मग जे घडले, त्याने आजच्या कोणत्याही आईबापाला घाम फुटेल. हार्वर्डचे शिक्षण लांबणीवर टाकून मुलगा भारतात परत आला. अहमदाबादला वडिलांजवळ, गांधीजींच्या वर्तुळाजवळ राहिला. सहा वर्षे अमेरिकन शाळेत वाढलेल्या मुलाने मोठेपणी आपला देश पहिल्यांदा नीट पाहिला तो इथे. हार्वर्डचा वेळ वाया गेला असे वाटण्याजोगे हे वर्ष-दीड वर्ष मला त्याच्या शिक्षणातले अत्यंत महत्त्वाचे वाटते. पुढे त्याने जो इतिहास लिहिला, तो राजांच्या नावांऐवजी नांगर, जात, बाजार आणि गावदेव यांच्या आधाराने लिहिला.

१९२६ च्या जानेवारीत बाप आणि लेक पुन्हा एकत्र अमेरिकेला गेले. पन्नाशीला टेकलेला बाप विसुद्धिमग्ग पुरा करायला, १८ वर्षांचा लेक गणित शिकायला, दोघेही हार्वर्डला. जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ या थोर गणितज्ञाला वाटे की या मुलाने सगळे सोडून फक्त गणितावर लक्ष द्यावे. दामोदरने ऐकले नाही. मनाला भावतील ते नाना विषय घेतले आणि त्या सगळ्यांत चमकला. दीड वर्षाने वडील परतले, तो थांबला. १९२९ साली हार्वर्डने त्याला सर्वोच्च श्रेणीत पदवी दिली, फाय बीटा कापा या विद्वत्मंडळाचे सदस्यत्वही मिळाले. त्यानंतर तो काशी हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला आला. जिथे वडील अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले होते, त्याच काशीत.

वेगळ्या वाटा

बापाची वाट लेकाने धरली नाही. धर्मानंद बुद्ध आणि गांधी या दोघांना उराशी धरून होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले, तुरुंगात गेले. परळच्या गिरणगावात कामगारांसाठी बहुजन विहार उभा करण्यात पुढे झाले. दामोदर मार्क्सवादी झाले. फर्ग्युसनमध्ये, वडिलांच्याच कॉलेजात, गणित शिकवले आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत, गाडीतही वाचत. १९५६ साली त्यांचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे पुस्तक आले आणि इतिहास लिहिण्याची रीत बदलली.

पण खोलात पाहिले तर बाप लेकात ठायी ठायी दिसतो. दामोदरांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती केली. शेकडो हस्तलिखिते जमवली, पाठभेद ताडले, कोणता श्लोक अस्सल आणि कोणता मागून शिरला ते ठरवले. वडील केंब्रिजच्या खोलीत जे करत बसत, तेच हे काम. १९४८ साली ती आवृत्ती निघाली ती सिंघी जैन ग्रंथमालेत. त्या मालेचे संपादक मुनी जिनविजय हे धर्मानंदांचे अहमदाबादमधले सहकारी होते. बाकी मते वेगळी झाली. मूळ पाठापर्यंत जाण्याचा हट्ट मात्र वंशपरंपरेने आला.

धर्मानंदांनी १९४० साली भारतीय विद्या भवनातर्फे विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्ती काढली. हार्वर्डची आवृत्ती छापली जात नव्हती, आणि ग्रंथ आपल्या माणसांपर्यंत पोचवायला त्यांना वाट पाहायची नव्हती. ४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. हार्वर्डची आवृत्ती त्यांना बघायला मिळाली नाही.

ती १९५० साली निघाली. हार्वर्ड ओरिएंटल सीरीज, खंड ४१. संपादक हेन्री क्लार्क वॉरन, संशोधन धर्मानंद कोसंबी. वॉरन गेल्याला ५१ वर्षे झाली होती, धर्मानंद पहिल्यांदा केंब्रिजला पोचले त्याला ४०. ज्या नावावरून ते १९१२ साली बोट धरून घरी आले होते, ते नाव अखेर मुखपृष्ठावर आले.

त्याच मालेचा पुढचा खंड १९५७ साली निघाला. खंड ४२. विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने जमवलेला सुभाषितांचा संग्रह, 'सुभाषितरत्नकोश'. संपादक दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले.

फळीवर हे दोन ग्रंथ एकमेकांना खेटून उभे असतात. असे व्हावे म्हणून कोणी ठरवले नव्हते. बापाने मुलाला पाली शिक म्हटले नाही, मुलाने बापाचे काम पुढे चालवतो असे म्हटले नाही. एकाच घरात दोघे आपापला अभ्यास करत बसले होते, एवढेच.

दोन्ही मुखपृष्ठांवर बाळाबाईंचे नाव नाही. १८९९ ला त्या मागे राहिल्या, १९१८ ला मागे राहिल्या, आणि घर उभे राहिले ते त्यांच्या मागे राहण्यावर. परदेशी शिकून आलेल्या मुलाचे कौतुक करताना त्या दोन खंडांमधल्या न छापलेल्या नावाचीही आठवण ठेवायला हवी. कोणी तरी मागे राहते, तेव्हा कोणी तरी पुढे जाते. निदान जाणाऱ्याने आणि नेणाऱ्याने ते विसरू नये.

शेजारच्या वहिनींना मी हे सगळे सांगितले. त्यांचा मुलगा सप्टेंबरात म्युनिकला गेला. किती सांगायचे आणि कुठे थांबायचे, याचे मोजमाप मला अजूनही देता येत नाही. त्याला फोन केलात की जेवणाची चौकशी करा, तो तुमचा हक्कच आहे, एवढे मी म्हटले. आणि मग, तुम्ही या आठवड्यात काय वाचले, तेही त्याला सांगा. वहिनींनी माझ्याकडून धर्मानंदांचे 'निवेदन' हे आत्मकथन वाचायला नेले आहे. सध्या त्या काशीच्या अन्नछत्रापर्यंत आल्या आहेत.